आधी मणिभवन, मग काळा घोडा: कला महोत्सवाच्या दिवशी गांधीजींचं मुंबईतलं घर कसं पाहावं

काळा घोडा कला महोत्सवासाठी पुण्याहून, नाशिकहून किंवा डोंबिवली-विरारहून मुंबईत येणारे बहुतेक लोक सकाळीच निघतात आणि अकरा वाजता रॅम्पार्ट रोवर, म्हणजे महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर पोचतात. तिथला दिवस मात्र संध्याकाळी रंगात येतो. नाच-गाण्याचे मोठे कार्यक्रम ऊन उतरल्यावर सुरू होतात. म्हणजे सकाळचे तीन-चार तास हातात उरतात आणि ते नुसते रेंगाळण्यात जातात. हेच तास गावदेवीच्या मणिभवनाला द्या. चर्चगेटपासून ते तिसऱ्या स्टेशनावर आहे: मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड.

मणिभवन गांधी संग्रहालय ही स्वतंत्र संस्था आहे. काळा घोडा महोत्सवाच्या ठिकाणांत तिला धरू नका. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत तिची वेळ शोधू नका आणि महोत्सवाच्या स्वयंसेवकाला तिचा रस्ताही विचारू नका. दोन्ही एका दिवसात बसवायचं काम तुमचं तुम्हालाच करायचं आहे, आणि त्यात क्रम सगळ्यांत महत्त्वाचा: घर आधी, महोत्सव नंतर. महोत्सवातली मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट असतात, रंग भडक, भोवती गर्दी. ती पाहून झाल्यावर एका लहान खोलीतल्या पांढऱ्या गादीकडे आणि लोडाकडे डोळा ठरत नाही. मग लोक पंधरा मिनिटांत दोन्ही मजले फिरून खाली येतात आणि "काही विशेष नाही" म्हणून निघतात. सकाळच्या ताज्या नजरेला तीच खोली पाऊण तास पुरते.

दिवस कोणता निवडावा

महोत्सव नऊ दिवसांचा असतो. शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या रविवारी संपतो. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, असा तो मागेपुढे सरकतो, त्यामुळे तारखा दरवर्षी नव्यानं पाहाव्या लागतात. नऊ दिवसांत दोन शनिवार आणि दोन रविवार येतात, आणि खरी गर्दी याच चार दिवसांची. रजा मिळत असेल तर मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस घ्या. सोमवार टाळण्याचं कारण वेगळं आहे: काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि त्या परिसरात येऊन ते चुकवणं जिवावर येतं.

रविवारच येणं भाग असेल तर आदल्या दिवशी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आणि मध्य रेल्वेचा मेगा ब्लॉक तपासा. ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याचा काळ, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत चालतो, आणि मणिभवनाहून काळा घोड्याकडे जायची तुमची वेळ नेमकी त्यातच येते.

काही वर्षी ३० जानेवारी महोत्सवाच्या काळात येते. हुतात्मा दिनी सकाळी अकराला देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाते. त्या दिवशी गांधीजींच्या घरी जाणार असाल तर अकराच्या आधी पोचा आणि त्या वेळी फोन बंद ठेवा.

मणिभवनाची वेळ साधारणपणे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा अशी असते. तरी आदल्या दिवशी एक फोन करून खात्री करून घ्या. सुट्ट्यांचे आणि कार्यक्रमांचे दिवस बदलतात. देणगी द्यायची असेल तर सुट्टे पैसे वेगळे काढून ठेवा.

पोचायचं कसं

पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांनी धीमी लोकल धरावी. जलद लोकल मुंबई सेंट्रलनंतर थेट चर्चगेटला थांबते, ग्रँट रोड मागे पडतं. नवखे लोक हमखास इथं चुकतात: "चर्चगेट फास्ट" दिसली की चढतात आणि मग उलटे येतात. जलद गाडीत बसलाच असाल तर मुंबई सेंट्रलला उतरून धीमी पकडा, ग्रँट रोड पुढचंच स्टेशन. मध्य रेल्वेनं किंवा पुण्या-नाशिकच्या गाडीनं येत असाल तर दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर या.

तिकिटाच्या दोन गोष्टी. मोबाइल अ‍ॅपवरचं तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर सहसा निघत नाही. ते बाहेर रस्त्यावर असतानाच काढा. आणि साध्या तिकिटावर वातानुकूलित लोकलमध्ये चढू नका, तिचं भाडं वेगळं आहे. समोर आली, दार उघडं दिसलं, चढलो, असं होतं आणि तपासनीस गाठतो.

ग्रँट रोडला पश्चिमेला बाहेर पडा. पूर्वेला उतरलात तर पूल ओलांडून परत यावं लागेल. नाना चौकातून गावदेवीच्या दिशेनं पंडिता रमाबाई मार्ग धरायचा, त्याला लागूनच लॅबर्नम रोड आहे. रमतगमत गेलं तर दहा-बारा मिनिटं. नकाशात "गामदेवी" असंही नाव दिसेल, जागा तीच. वाट चुकली तर "गांधी म्युझियम" म्हणून विचारा, दुकानदार हातानंच दिशा दाखवतात. पुण्याच्या लोकांसाठी एक सूचना: दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. टॅक्सी करा किंवा चाला. टॅक्सीवाल्याला "मणिभवन, लॅबर्नम रोड" असं पूर्ण सांगा.

लॅबर्नम रोड ही राहत्या घरांची, झाडांची, शांत गल्ली आहे. आपल्याकडचा लॅबर्नम म्हणजे बहावा. तो एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो, तेव्हा महोत्सवाच्या दिवसात फुलांची अपेक्षा नको. घराचा फोटो काढायला समोरच्या फुटपाथवर उभे राहा, पण शेजारच्या इमारतींची फाटकं अडवू नका. ही माणसं रोज इथं राहतात आणि पर्यटकांच्या बसगाड्या रोज सोसतात.

साडेनऊला दारात असण्याचं कारणही त्या बसगाड्याच. शहरदर्शनाच्या सहलींमध्ये मणिभवन असतंच, आणि हे गट दहा-साडेदहानंतर येऊ लागतात. हिवाळ्यात शाळांच्या सहलीही असतात. तीस-चाळीस जणांचा गट जिन्यात आणि वरच्या दालनात शिरला की काचेजवळ उभं राहायला जागा उरत नाही. आत गेल्यावर तुमच्या मागोमाग असा गट आला तर त्याच्याशी शर्यत लावू नका. तळमजल्यावर थांबा. गट सहसा वीस-पंचवीस मिनिटांत निघून जातो.

घर समजून घेऊन आत जा

हे घर गांधीजींचं नव्हतं. ते त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आले की इथं उतरत. त्यामुळे इथं आश्रमाचा साधेपणा शोधू नका. हा एका सुखवस्तू गुजराती व्यापाऱ्याचा दुमजली बंगला आहे, आणि त्यातली एक खोली पाहुण्यानं आपल्यापुरती रिकामी करून घेतलेली आहे. घर श्रीमंताचं आणि खोली फकिराची, हे नीट पाहिलं की मणिभवन कळू लागतं.

आत जाण्याआधी चार तारखा डोक्यात असू द्या, एवढ्यानं पाहण्यात फार फरक पडतो.

७ एप्रिल १९१९: रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात इथून "सत्याग्रही" हे पत्रक निघालं. सरकारदरबारी नोंदणी न करता, मुद्दाम कायदा मोडून.

नोव्हेंबर १९२१: प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि शहरात दंगल पेटली. ती थांबावी म्हणून गांधीजींनी १९ तारखेला इथं उपवास सुरू केला.

१४ ऑगस्ट १९३१: दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधीजी यांची पहिली भेट याच घरात झाली. ती भेट सलोख्याची नव्हती. बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू कोणतीही भीड न ठेवता मांडली. मराठी माणसानं या घरात येऊन ही तारीख विसरून जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. दालनातल्या इतर गोष्टींकडेही मग वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

४ जानेवारी १९३२: लंडनहून परतून आठवडा होतो न होतो तोच पहाटे गच्चीवरच्या तंबूतून गांधीजींना अटक झाली आणि त्यांना येरवड्याला नेण्यात आलं.

वरून खाली या

दारातून आत शिरल्यावर बहुतेकजण तळमजल्यापासून सुरुवात करतात. तुम्ही सरळ दुसऱ्या मजल्यावर जा. सगळ्यांत महत्त्वाची खोली तिथं आहे आणि सकाळी पहिल्या अर्ध्या तासात ती जवळपास रिकामी मिळते. जिना चढावाच लागतो, हे गृहीत धरूनच या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मधल्या मजल्यावर पाच मिनिटं थांबून मग वर यावं. पाठीवरची मोठी सॅक जिन्यात समोरून उतरणाऱ्याला लागते, ती खाली ठेवायची सोय आहे का ते दारातच विचारा. फोटो काढण्याबद्दलही तिथंच विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश बंद करा, काचेवर तो उलटून येतो आणि फोटोत नुसता पांढरा डाग उरतो.

गांधीजींची खोली काचेपलीकडून पाहायची असते. जमिनीवर पांढरी गादी, लोड, बुटकं मेज, आणि चरखे. काचेला नाक लावून बघू नका, एक पाऊल मागे उभे राहा. समोरून पाहिलं की उजेडाचं प्रतिबिंब आड येतं, काचेच्या कडेला तिरकं उभं राहिलं की आतलं स्वच्छ दिसतं. लहान मुलाला कडेवर घेण्यापेक्षा तुम्हीच खाली बसा. ही खोली बसणाऱ्या माणसाच्या उंचीवरून लावलेली आहे. उभ्यानं पाहिलं तर सगळं जमिनीवर पडल्यासारखं दिसतं. खाली बसलं की मेज, चरखा आणि खिडकी एका रेषेत कशी हाताशी आहेत, ते कळतं.

चरख्यांपाशी जास्त वेळ द्या, कारण कताईशी या घराचं नातं जवळचं आहे. १९१९ च्या सुमारास गांधीजी आजारातून उठत होते, तेव्हा या भागातून जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून त्यांनी कापूस पिंजण्याचं काम समजून घेतलं, आणि बऱ्या होण्याच्या त्या दिवसांत चरख्याची घरघर त्यांच्या खोलीत सुरू झाली.

चरखा कसा चालतो हे माहीत नसेल तर तो नुसतं एक चिन्ह वाटतो. म्हणून हे पाहा. मोठ्या चाकावरून एक दोरी निघून बारीक लोखंडी चातीवर जाते. चाक एकदा फिरलं की चाती कितीतरी वेळा फिरते. कातणाऱ्याच्या डाव्या हातात पेळू असतो, म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटभर जाडीची मऊ गुंडाळी. चातीच्या टोकाशी त्याचं तोंड लावायचं, उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डावा हात मागे ओढत न्यायचा. टोकाशी पीळ बसतो आणि कापसाचा धागा होतो. हात घाईनं ओढला तर धागा तुटतो, रेंगाळला तर गाठ जमते. हात पूर्ण लांब गेला की कोन बदलून धागा चातीवर गुंडाळायचा आणि पुन्हा सुरुवात. एका हाताचं चाक, दुसऱ्याचं ओढणं, यांचा मेळ बसायला दिवस लागतात.

चरख्यांचे प्रकारही ओळखा. उभ्या मोठ्या चाकाचा जुना चरखा कोणालाही ओळखता येतो. दुसरा प्रकार पेटीचा: झाकण उघडलं की आत दोन आडवी चाकं, एक मोठं, एक लहान. मोठं चाक लहानाला फिरवतं, लहान चाक चातीला. वेग दोनदा वाढतो, त्यामुळे एवढंसं चाकही पुरतं आणि सगळा चरखा बॅगेसारखा हातात नेता येतो. याला येरवडा चरखा म्हणतात. पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी त्यावर काम केलं, म्हणून हे नाव.

त्याच मजल्यावर छोट्या आकृत्यांच्या दृश्यपेट्यांचं दालन आहे. सुशीला गोखले-पटेल यांनी घडवलेल्या या २८ दृश्यांत गांधीजींचं आयुष्य क्रमानं मांडलं आहे. लोक इथं मोबाइल पुढे धरून चालत जातात, आणि शेवटी कुठलंच दृश्य लक्षात राहत नाही. २८ पैकी चार निवडा आणि प्रत्येकापाशी तीन मिनिटं थांबा. कपड्यांकडे लक्ष ठेवा: बॅरिस्टरच्या कोटापासून पंचापर्यंतचा बदल इथं पेटी-पेटीनं घडताना दिसतो. मग आकृत्यांच्या मागचं पाहा. भिंतीचा रंग कुठं संपतो आणि खोलीचा भास कुठं सुरू होतो, लहान खोक्यात अंतर कसं निर्माण केलंय, गर्दी दाखवायला प्रत्यक्ष किती आकृत्या लागल्या. दुपारी महोत्सवात भव्य मांडणशिल्पांसमोर उभे राहाल तेव्हा ही नजर कामाला येईल. मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या: कोणत्या पेटीत गांधीजी सर्वांत लहान दिसतात ते शोधायचं. मुलं मोठ्यांपेक्षा बारकाईनं पाहतात.

पहिल्या मजल्यावर छायाचित्रं, पत्रांच्या प्रती आणि लहान सभागृह आहे. पत्रं इथं वाचावीतच. १९३९ मध्ये हिटलरला आणि १९४२ मध्ये रूझवेल्टला लिहिलेल्या पत्रांपाशी गर्दी असते. दोन्ही आकारानं लहान आहेत, उभ्या उभ्या पूर्ण वाचून होतात. नुसते फोटो काढून पुढे जाऊ नका.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. ते शोभेचं नाही, अभ्यासकांचं आहे. बोलणं हळू आवाजात. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या घरी राहून गेले, २०१० मध्ये बराक ओबामा येऊन गेले. गच्चीवर जाता येत असेल तर जा, ४ जानेवारीची पहाट तिथं समजते. एकूण वेळेचा अंदाज: दुसरा मजला पाऊण तास, पहिला वीस मिनिटं, तळमजला दहा-पंधरा. साडेनऊला शिरलात तर अकराच्या सुमारास बाहेर.

मधला अर्धा तास

बाहेर पडल्यावर लगेच स्टेशन गाठू नका. दहा मिनिटांवर ऑगस्ट क्रांती मैदान आहे, जुनं गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ ला "छोडो भारत"चा ठराव इथल्या अधिवेशनात मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशी नेते अटकेत असताना अरुणा असफ अली यांनी इथं तिरंगा फडकवला. जवळच गोकुळदास तेजपाल संस्थेची जागा आहे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ ला तिथं भरलं होतं. म्हणजे काँग्रेसचा जन्म आणि "छोडो भारत", दोन्ही हाकेच्या अंतरावर. आज मैदानावर मुलं क्रिकेट खेळत असतात. चेंडूचा अंदाज ठेवून कडेकडेनं चाला.

खाणंपिणं इथंच उरका. नाना चौक आणि ग्रँट रोडच्या आसपास साधी उडुपी हॉटेलं आहेत, साडेअकराला टेबल लगेच मिळतं. काळा घोड्याला दुपारी एकनंतर जेवायला गेलात तर सुट्टीच्या दिवशी तासभर उभं राहावं लागतं. पाण्याची बाटली भरून घ्या, फेब्रुवारीतलं मुंबईचं दुपारचं ऊन पुणेकरांनाही जड जातं.

ग्रँट रोडहून काळा घोडा

दोन मार्ग. लोकलनं चर्चगेट, तिकीट पाच रुपये, गाडीत दहा मिनिटं. किंवा भुयारी मेट्रोनं ग्रँट रोड ते हुतात्मा चौक, मध्ये गिरगाव, काळबादेवी आणि सीएसएमटी. मेट्रोचं तिकीट वर रस्त्यावर असतानाच मोबाइलवर काढून ठेवा. चालणं कमी हवं असेल तर मेट्रो, कारण हुतात्मा चौकाहून काळा घोडा जवळ आहे.

चर्चगेटला उतरलात तर वीर नरिमन रस्त्यानं सरळ हुतात्मा चौक, तिथून उजवीकडे महात्मा गांधी मार्ग. उजव्या हाताला विद्यापीठ येतं, डाव्या हाताला डेव्हिड ससून ग्रंथालय आणि मग एल्फिन्स्टन कॉलेज. त्याच्या पुढे डावीकडे वळतो तो के. दुभाष मार्ग, म्हणजेच रॅम्पार्ट रो. एकूण पंधरा मिनिटं. इथं नावांचा एक सापळा आहे: महात्मा गांधी मार्गाच्या मागच्या अंगाला डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग आहे. ते गांधी वेगळे. नकाशात नुसतं "गांधी मार्ग" टाकून बरोबरच्यांना भेटायला बोलावलं तर निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे थांबतात.

घोड्याचंही असंच. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडलं, तो घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला गेला. तो आता भायखळ्याला जिजामाता उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत आहे. इथं आज दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वाराविना उभा काळा घोडा. भेटायची जागा म्हणून तो सांगू नका, सगळं शहर तेच सांगतं. संध्याकाळी गर्दीत फोनही नीट लागत नाही. निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग किंवा राजाबाई टॉवरच्या बाजूचं विद्यापीठाचं फाटक ठरवा आणि वेळ आधीच पक्की करा.

महोत्सवात शिरताना

प्रवेश विनामूल्य असतो, पण दारात बॅगांची तपासणी होते आणि रांग त्यामुळेच वाढते. एकच लहान पिशवी आणली तर बराच वेळ वाचतो. महोत्सवाच्या दिवसात रॅम्पार्ट रो वाहनांना बंद असतो, तेव्हा टॅक्सी हुतात्मा चौकाच्या आसपासच सोडा. कार्यशाळा आणि वारसा फेऱ्यांच्या जागा मोजक्या असतात, त्यांची नोंदणी आधी करावी लागते. ऐनवेळी रांगेत उभं राहून त्या मिळतील या भरवशावर राहू नका. कार्यक्रमांची ठिकाणं वर्षागणिक बदलतात. ती त्याच वर्षीच्या पत्रिकेत पाहा, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर नको.

दुपारी दोन ते चार मांडणशिल्पं पाहून घ्या. उन्हामुळे गर्दी कमी असते आणि प्रत्येकाजवळचा फलक वाचता येतो. चारनंतर तिथं फोटोसाठी रांगा लागतात. ऊन असह्य झालं तर जहांगीर कला दालनात शिरा, प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

हस्तकलेच्या स्टॉलवर सकाळी पाहिलेला चरखा पुन्हा उपयोगी पडतो. "खादी" म्हणून विकलं जाणारं सगळं कापड हातानं कातलेलं नसतं. कापड उजेडासमोर धरा. हातकताईच्या सुतात जाडसर-बारीक धागा आळीपाळीनं दिसतो, मध्येच एखादी बारीक गाठ येते. डाव्या हाताच्या ओढण्याचीच ती खूण. गिरणीचं सूत टोकापासून टोकापर्यंत एकसारखं असतं. पण आता मुद्दाम खडबडीत केलेलं गिरणी-सूतही मिळतं, त्यात जाडपणा ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतो. म्हणून वीतभर कापड पाहून ठरवू नका, हातभर पाहा, आणि खादी मार्कची चिठ्ठी मागा. चिठ्ठी नसेल आणि किंमत फारच कमी असेल तर कापड आवडलं म्हणून घ्या, खादी म्हणून घेऊ नका. धागा जाळून पाहायचा असेल तर घरी गेल्यावर, स्टॉलवर नाही.

परतीची तिकिटं संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम सुरू होण्याआधीच काढून ठेवा. कार्यक्रम संपला की सगळे एकदम चर्चगेट आणि सीएसएमटीकडे निघतात. शेवटची पंधरा मिनिटं सोडून उठलात तर चर्चगेटला बसायला जागा मिळते, कारण गाडी तिथूनच सुटते. पुण्याला जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ पाहून उलटा हिशेब करावा: काळा घोडा ते सीएसएमटी चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि शनिवार-रविवारी रात्री त्यात आणखी दहा मिनिटं धरावीत. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला हिंदू कॉलनीत उतरून राजगृह पाहा. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी दुसऱ्याचं ते घर.